काठ राहिलेली शाल

डोंगराखालच्या एका जंगलात एक मेंढी राहत असे. साळिंदराच्या दोन लांब काट्यांवर ती आपल्याच लोकरीचे विणकाम करी. हात तिचा चांगला होता, त्यात वाद नाही. पण नमुना समोर ठेवून विणणे तिला कमीपणाचे वाटे. "नमुना नवशिक्यांना लागतो," ती म्हणे, "मला विणता विणता सुचत जातं." आता नमुना नसायला कुणाची हरकत नव्हती, मुलांनो. पण नमुन्याशिवाय विणायचे, तर ज्याच्या अंगावर ते जायचे त्याला एकदा पाहून तरी यावे की नाही?

त्या पौषात शेजारच्या सशिणीला पिल्ले झाली. जन्मतः त्यांच्या अंगावर केस नव्हते आणि डोळे मिटलेले होते. म्हणून सशिणीने स्वतःच्या पोटावरचे केस उपटून बिळात त्यांच्यासाठी बिछाना केला होता. तरी बिळाच्या तोंडातून वारा आत येई आणि पिल्ले कुडकुडत. पाणवठ्यावर मेंढी तिला म्हणाली, "काही काळजी करू नकोस. अशी ऊबदार शाल विणून देते, की थंडी तुझ्या बिळाचं नाव घेणार नाही." सशीण हरखून घरी गेली.

शाल सुरू झाली. दोन टाके सुलट, दोन उलट. मग मेंढीला वाटले, मधोमध एक पिंपळपान हवे. पान झाल्यावर वेल हवीशी वाटली. वेल काय नुसतीच सोडायची? तिला फुले आली. इकडे थंडी वाढत होती आणि तिकडे शालही वाढत होती. कुठे थांबायचे हे तिने ठरवलेच नव्हते, मग थांबणार कशी?

वरच्या फांदीवर एक कावळा बसत असे. त्याला राहवले नाही. "काकू, पिल्लं बोटाएवढी आहेत. ही शाल गव्याला पुरेल!"

"तुला रे विणकामातलं काय कळतं?"

"विणकामातलं काही नाही. थंडीतलं कळतं. टाके बंद करा आणि देऊन टाका."

"काठाशिवाय? बघणारे काय म्हणतील!"

"कोण बघणारे? पिल्लांचे अजून डोळे उघडलेले नाहीत!"

आणि व्हायचे तेच झाले. काठ सुरू करायच्या वेळी लोकर संपली. मेंढीने शेपटीवरचीसुद्धा कातरून घेतली होती. तेव्हा तिने काय करावे? सशिणीकडे निरोप धाडला : "काठापुरते तुझ्या बिछान्यातले केस दे. शाल होऊन तुझ्याच घरी परत येणार आहेत." निरोप ऐकून कावळ्याने फांदीवर चोच आपटली. पण सशीण पडली भिडस्त. काकू आपल्यासाठी एवढ्या राबताहेत, त्यांना नाही कसे म्हणायचे? तिने पिल्लांच्या अंगाखालचा बिछाना गोळा केला आणि उघड्या पिल्लांना उघड्या मातीवर ठेवून तो मेंढीला नेऊन दिला. काय म्हणावे या भिडेला!

संध्याकाळी सर्वांत धाकट्या पिल्लाची वळवळ थांबली. सशिणीने नाक लावून पाहिले, तर ते गार पडले होते. श्वास तेवढा चालू होता. ती धावत सुटली. "काकू, शाल द्या!"

"जरा दम धर. काठच राहिलाय फक्त."

"पिल्लू गार पडलंय, काकू!"

"म्हणून तर सांगते, घाई करू नकोस. घाईत टाका गळतो."

हे ऐकले आणि सशिणीची भीड तिथेच संपली. तिने शाल दातांत धरली, काट्यांवरून खस्सकन ओढून काढली आणि बिळाकडे पळाली. पण ती अवाढव्य शाल बिळाच्या तोंडातच अडकली. आत पिल्ले, बाहेर ऊब, आणि मध्ये पिंपळपान! सशिणीने एक क्षण पाहिले, लोकरीचे सुटे टोक दातांत पकडले आणि आत ओढायला सुरुवात केली. "ओढ, ताई, ओढ!" कावळ्याने बाहेरून शाल पायांत घट्ट धरली. काठ उसवला, फुले उसवली, वेल गेली, पान गेले. बिळात कुरळ्या, फुगीर लोकरीचा ढीग झाला आणि पिल्ले त्यात नाकापर्यंत बुडाली. बऱ्याच वेळाने धाकट्याने आईच्या पोटात लाथ मारली.

मेंढी धापा टाकत आली. "माझी शाल! अगं, किती सुंदर होती!"

"हळू बोला, काकू," आतून सशीण म्हणाली. "आत्ताच झोपलीत. आणि आलाच आहात, तर बिळाच्या तोंडाशी पाठ लावून बसा. वारा अडेल."

मेंढी बसली. आपल्या कातरलेल्या पाठीला ती थंडी लागली, तेव्हा कुठे ती मागे सरकून बिळाच्या तोंडाला घट्ट टेकली. आत मात्र वारा येईनासा झाला.

तात्पर्य : ज्याला गरज आहे त्याच्याकडे न पाहता केलेली मदत कितीही देखणी असली तरी ती स्वतःची हौस असते. आणि अशा मदतीपुढे भिडेने गप्प बसणाऱ्याची पिल्ले उघडी पडतात.