खुर्चीवाल्यांची इंग्रजी

खाडीच्या तोंडाशी वसलेल्या एका गावात एक मास्तर राहत होते. त्यांचं खरं नाव विसाजीपंत, पण त्यांची आई गेल्यापासून ते नाव कोणी घेतलं नव्हतं. सारा गाव त्यांना मास्तरच म्हणे. तरुणपणी ते शहरात आगबोटीच्या कचेरीत कारकून होते. तिथून परतताना त्यांनी एक काळा कोट, एक छत्री आणि थोडी इंग्रजी आणली. कोट कसरीनं खाल्ला, छत्री वाऱ्यानं उलटली, इंग्रजी तेवढी टिकली.

गावात दुसऱ्या कोणाला इंग्रजी येत नव्हती, म्हणून तर ते मास्तर ठरले. त्यामुळे मास्तरांची इंग्रजी किती खोल आहे, हे मोजणार कोण? वासरांत लंगडी गाय शहाणी, तशातली गत. कोणी काही विचारलं की मास्तर उत्तर देत. 'ठाऊक नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून आजवर कोणी ऐकले नव्हते, आणि याचा मास्तरांना मोठा अभिमान होता.

त्याच गावात, बंदराकडच्या टोकाला, काही चिनी कुटुंबं राहत. त्यांचे वाडवडील फार पूर्वी एका गलबतातून आले आणि इथलं पाणी मानवलं म्हणून राहून गेले. ही माणसं वेताच्या खुर्च्या विणत. खुर्ची अशी, की बसलेला माणूस उठायचं नाव घेत नसे. बंदराला लागणाऱ्या बोटींचे कप्तान त्या खुर्च्या हौसेनं घेत. मराठी या लोकांना गावकऱ्यांइतकीच येई, भांडणापुरती तर जरा जास्तच. पण कप्तानांना कुठं मराठी येत होती? पाठ उंच हवी की बुटकी, हात हवेत की नकोत, हे खुणांनी समजावता समजावता दोन्हीकडच्या लोकांना घाम फुटे.

म्हणून एक दिवस त्यांच्यातला वडीलधारा लिआंग मास्तरांच्या दारात येऊन उभा राहिला. माणूस साठीला टेकलेला, बोटं वेतासारखीच चिवट.

"मास्तर, आम्हाला इंग्रजी शिकवा," तो म्हणाला. "आमचं वय झालंय, पण शिकायचं वय सरलेलं नाही."

मास्तरांना हे बोलणं आवडलं. दुसऱ्याच दिवसापासून खुर्च्या विणायच्या मांडवात, काम आटोपल्यावर, शिकवणी सुरू झाली. विद्यार्थी कोण? कोणी आजोबा, कोणी आजी, कोणाचे केस पिकलेले, कोणाचे दात गेलेले. पण शिस्त अशी, की मास्तरांनी जन्मात पाहिली नव्हती. मास्तर आले की सगळे उठून वाकत. मास्तर बसेपर्यंत कोणी बसत नसे. आज सांगितलेला धडा उद्या तोंडपाठ. आणि मास्तरांनी "समजलं?" असं विचारलं, की मांडवातल्या सगळ्या माना एकदम हलत.

आता यातली गोम अशी. लिआंगच्या लोकांत जुनी रीत होती, की गुरूला तोंडावर 'समजलं नाही' म्हणायचं नाही. तसं म्हणणं म्हणजे 'तुम्हाला शिकवता येत नाही' असं चारचौघांत सांगणं. त्यापेक्षा मान हलवावी आणि घरी जाऊन घोकावं. अर्थ काय, आज ना उद्या येईल आपल्या पायानं.

इकडे मास्तरांचीही एक रीत होती. धड्याच्या पुस्तकात अडणारा शब्द आला, की त्यांना खोकला येई. मोठी उबळ येऊन जाई, आणि त्या गडबडीत तो शब्द मागं टाकून मास्तर पुढच्या ओळीला लागत. एरवी त्यांची छाती ठणठणीत होती. अशी ही शिकवणी फार सुखात चालली होती. मास्तर खोकत, विद्यार्थी मान हलवत, आणि कोणाचंच मन दुखत नसे.

मास्तर घरी येऊन बायकोला, द्वारकाबाईंना, रोज कौतुक सांगत. "काय सांगू तुला! एकदा सांगितलं की समजतं त्यांना. एक शंका म्हणून विचारत नाहीत."

द्वारकाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "दारावर नंदीबैल येतो, त्याला विचारलं पाऊस पडेल का, की तोही मान हलवतो. म्हणून काय त्याला पावसातलं कळतं?"

मास्तर रागावून ओसरीवर जाऊन बसले. बायकांना विद्येतलं काय कळतं, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

एका संध्याकाळी लिआंग हातात एक बाटली घेऊन शिकवणीला आला. काळपट औषध, घट्ट बूच, आणि वर इंग्रजीत छापलेली चिठ्ठी. त्याची बायको आ-यिन हिचे गुडघे फार दुखत. उकिडवं बसून वेत सोलण्यात तिचा जन्म गेला होता. अलीकडे तर तिला भिंत धरल्याशिवाय उठता येत नव्हतं, आणि ते पाहून लिआंगच्या पोटात तुटे.

"मास्तर, काल बोटीवरचा डॉक्टर खुर्ची घ्यायला आला होता," लिआंग म्हणाला. "हिला लंगडताना बघून त्यानं ही बाटली दिली. घडाघडा काहीतरी सांगितलं. मोठा शिकलेला माणूस, त्याला परत कसं विचारायचं? मी मान हलवली. भरतीबरोबर बोट गेली."

मग त्यानं चिठ्ठी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्यानं वाचून दाखवली. एकही उच्चार चुकला नाही. मास्तर खूश होऊन "वाहवा" म्हणणार, तेवढ्यात लिआंग खाली मान घालून बोलला.

"वाचता येतं, मास्तर. समजत नाही. हे प्यायचं, की गुडघ्याला चोळायचं? आमच्याकडे दोन्ही तऱ्हेची औषधं असतात."

 आजवर मांडवात कोणी असं बोललं नव्हतं. लिआंगचे कान लाल झाले होते. बायकोच्या गुडघ्यांपायी त्यानं बापजाद्यांची रीत मोडली होती.

मास्तरांनी बाटली हातात घेतली. 'दिवसातून दोनदा' एवढ्याचा अर्थ त्यांना लागला. गुडघे, कंबर, खांदे, हेही कळलं. पण औषधाचं करायचं काय, हे ज्या शब्दांत होतं ते शब्द मास्तरांच्या कचेरीत कधी आलेच नव्हते. मास्तरांना खोकला आला. चांगला लांबलचक आला. सगळे अदबीनं तो संपायची वाट पाहत राहिले. पुस्तक असतं तर मास्तर पुढच्या ओळीला लागले असते, पण बाटलीला पुढची ओळच नव्हती.

सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे लागले होते. मास्तरांनी घसा खाकरला आणि ऐटीत सांगितलं, "चमचाभर प्यायचं. दिवसातून दोनदा. जेवणानंतर."

जेवणानंतर हे तर त्यांनी पदरचंच घातलं.

सगळ्यांच्या माना हलल्या. लिआंगनं वाकून नमस्कार केला आणि बाटली छातीशी धरून तो घरी गेला.

मास्तर घरी आले, हातपाय धुऊन पानावर बसले. आमटीभात कालवता कालवता त्यांनी बाटलीची हकीकत बायकोला सांगितली.

"बरं झालं तुम्ही होतात," द्वारकाबाई म्हणाल्या. "प्यायचं असंच लिहिलं होतं ना?"

"दुसरं काय असणार? औषध म्हणजे प्यायचंच."

"माझी पाठ धरली की तुम्ही नारायण तेल चोळता. ते काय मला वाटीतून पाजता?"

मास्तरांचा हात पानातच थांबला. द्वारकाबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. इतक्या वर्षांचा संसार, तोंड वाचायला त्यांना पुस्तक लागत नव्हतं.

"अहो," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ती माणसं आपल्या आधी जेवतात."

मास्तर खरकट्या हातानंच उठले. पायात वहाणा नाहीत, डोक्याला टोपी नाही. आयुष्यात कधी न धावलेला माणूस धोतर सावरत भर रस्त्यातून धावत सुटला. देवळाच्या पारावरून कोणीतरी हाक मारली, "मास्तर, आग लागली का कुठं?" मास्तरांनी मागं पाहिलं नाही. आ-यिननं चमचा तोंडाला लावला असेल, या विचारानं ते आणखी जोरात धावले.

लिआंगचं घर दिसू लागलं तसा मास्तरांचा वेग कमी झाला. मन मोठं लबाड असतं, ते धावतानाही वाट शोधतं. मास्तरांना वाट सुचली. 'आज तिथी चांगली नाही, औषध उद्यापासून सुरू करा,' एवढं म्हटलं की काम झालं. सगळे मान हलवतील. सकाळी गुपचूप खाडीपलीकडे जाऊन कोणाला तरी विचारता येईल. बाईचा जीवही वाचेल आणि मास्तरांची अब्रूही. मास्तरांनी वाक्य मनात नीट जुळवलं आणि उंबऱ्यात पाऊल टाकलं.

आत शेजारीपाजारी जमले होते. आ-यिन भिंतीला टेकून बसली होती. तिच्या हातात चमचा होता, भरलेला. त्याचा उग्र वास खोलीभर पसरला होता. मास्तरांना पाहताच तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"बरं झालं आलात, मास्तर," ती म्हणाली. "वासानं हात पुढं होईना. म्हटलं, मास्तरांनी सांगितलंय, मग भ्यायचं कशाला?" आणि तिनं चमचा उचलला.

जुळवलेलं वाक्य मास्तरांना उच्चारवेना. एवढा विश्वास आपल्यावर कोणी टाकावा आणि आपण त्याला तिथीची थाप मारावी, याची त्यांना भयंकर लाज वाटली.

"चमचा खाली ठेवा, आ-यिनबाई," ते म्हणाले. "मला ठाऊक नाही."

आ-यिननं चमचा तोंडापासून दूर धरला.

"त्या चिठ्ठीतले शब्द मला येत नाहीत. मी मघाशी खोटं सांगितलं. पुस्तकातलेही पुष्कळ शब्द मला येत नाहीत. तिथं मी खोकतो."

लिआंगनं बायकोच्या हातातला चमचा घेतला, औषध बाटलीत परत ओतलं आणि बूच दाबून बसवलं. मग तो उठला आणि रोजच्यासारखा मास्तरांपुढे वाकला.

"मास्तर, आता माझंही ऐका," तो म्हणाला. "मला पहिला धडा तोंडपाठ आहे. पण तो गाईबद्दल आहे की घराबद्दल, ते अजून कळलेलं नाही."

"मला वाटलं होडीबद्दल आहे," कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली.

मास्तर थक्क झाले. "अहो, मग तुम्ही सगळे मान का हलवत होतात?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून," लिआंग म्हणाला. "आणि तुम्ही का खोकत होतात?"

मास्तरांनी थोडा विचार केला. "मलाच वाईट वाटू नये म्हणून," ते म्हणाले.

आधी आ-यिन हसली. मग लिआंग हसला, मग सगळं घर हसलं, आणि शेवटी खरकटा हात तसाच धरून उभे असलेले मास्तरही हसले. त्यांना एकदम हलकं हलकं वाटत होतं.

सकाळी मास्तर आणि लिआंग तरीच्या होडीत बसून खाडीपलीकडे गेले. तिथल्या दीपगृहावर एक गोरा साहेब असे. वाटेत मास्तरांनी एक इंग्रजी वाक्य मनात घोकलं. सोपं होतं, पण आजवर ते त्यांनी कधी वापरलं नव्हतं. साहेबापुढे बाटली ठेवून त्यांनी ते म्हटलं. 'मला ठाऊक नाही. कृपा करून सांगा.'

साहेबानं चिठ्ठी वाचली. त्यानं आपल्या गुडघ्यावर हात ठेवला आणि जोरजोरात चोळून दाखवला. मग बाटली तोंडाजवळ नेली, बोट हलवून 'नाही, नाही' अशी खूण केली, डोळे मिटले आणि मान एका बाजूला टाकली.

हे समजायला इंग्रजी लागत नव्हतं. लिआंगनं बाटलीचं बूच पुन्हा एकदा घट्ट दाबलं.   परतीच्या वाटेवर होडीत मध्येच एकदा लिआंगनं आपला हात मास्तरांच्या हातावर ठेवला आणि किनारा येईपर्यंत तो तसाच राहू दिला.

त्या दिवसापासून आ-यिनच्या गुडघ्यांना औषध चोळलं जाऊ लागलं. गुडघे पार बरे झाले असं नाही, म्हातारपणाला कुठं औषध असतं? पण भिंत धरल्यावाचून ती उठू लागली, आणि उठल्यावर नवऱ्याला कामं सांगायची तिची जुनी सवयही परत आली. लिआंगला त्याचं फार समाधान वाटलं.

दीपगृहावरून परतले त्याच संध्याकाळी शिकवणी नेहमीप्रमाणे भरली होती. मास्तरांनी पहिला धडा पुन्हा पहिल्या ओळीपासून काढला. ओळ वाचली, अर्थ सांगितला. येत नव्हतं तिथं "हे मला येत नाही, शोधून सांगतो" असं म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "समजलं?"

जन्माची सवय एका रात्रीत जात नाही. माना हलायला लागल्या होत्या. तेवढ्यात लिआंगनं आपली मान मोठ्या कष्टानं स्थिर धरली. तो उठून उभा राहिला, मास्तरांपुढे वाकला आणि स्पष्ट आवाजात म्हणाला, "नाही."

मास्तरांचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी त्यांच्याकडे खरोखर शिकायला आलं होतं. ते आपल्या खुर्चीवरून उठले आणि लिआंगच्या शेजारी चटईवर जाऊन बसले.

"कुठं अडलं?" त्यांनी विचारलं. "चला, दोघं मिळून बघू."

तात्पर्य: न समजता मान हलवणारा शिष्य आणि न येता उत्तर देणारा गुरू एकमेकांचं मन राखतात, पण विद्या दोघांच्याही हाती लागत नाही. 'मला ठाऊक नाही' असं सांगायला जो लाजत नाही, त्याचंच शिकणं पुढं जातं.