अर्धी दाढी

एकदा एक तरुणी दूरदेशी शिकून परतली आणि कर्करुग्णांच्या एका रुग्णालयात, रुग्णांना मानसिक व आध्यात्मिक आधार देणाऱ्या, सारे ज्यांना बाबा म्हणत अशा वृद्ध साधकाच्या हाताखाली सेवेला लागली. मरणाच्या छायेतली माणसे आत्म्याविषयी विचारतील, अशी तिची अपेक्षा होती. प्रत्यक्षात कुणी चहात साखर कमी म्हणून कुरकुरत होते, कुणी घरची म्हैस व्याली का, एवढेच विचारत होते. खिडकीजवळचा नाभिक तर काहीच बोलत नव्हता.

त्याच्या जबड्यात गाठ होती. शस्त्रक्रियेने तो वाचण्याची आशा होती. पण तो संमती देईना आणि कारणही सांगेना. संमती द्यायला आता एकच दिवस उरला होता. तरुणी रोज त्याच्यासमोर बसून कळकळीने विचारी, "काका, कशाची भीती वाटते?" तो भिंतीकडे तोंड फिरवी.

त्या दिवशी वृद्धाने आरशासमोर उभे राहून आपल्या पांढऱ्या दाढीची डावी बाजू कात्रीने कापून टाकली. बाबांना भ्रम झाला की काय, असे तिला वाटले. तसेच, कात्री हातात घेऊन, ते नाभिकाच्या खाटेवर जाऊन बसले; तीही मागोमाग गेली.

त्याची नजर त्या अर्ध्या दाढीवर खिळली. मग नाभिक पुटपुटला, "कुणी केली ही दाढी?"

"मीच."

"तरीच. हात आहे का खुरपं? सरका इकडं."

त्याने कात्री घेतली, बाबांची हनुवटी वर केली. बाबांनी डोळे मिटले. कात्री चालू लागली, तसा तोही बोलू लागला. "जबडा काढणार म्हणतात. तीस वर्षं लोकांचे चेहरे नीट केले, बाबा. माझा वाकडा चेहरा बघून नात जवळ येईल का?"

कात्री थांबली. नाभिक त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला.

"कसा दिसतो मी?" बाबांनी विचारले.

"वाकडेच. पण बाबाच दिसता." मग कात्री खाली ठेवून तो तरुणीकडे वळला, "ताई, डॉक्टरांना सांगा, सही करतो. पण नातीला आधी मी सांगणार."

बाहेर आल्यावर तिने विचारले, "बाबा, हे आपल्याला कसे सुचले?"

"तीस वर्षे त्याने डोळे मिटून बसलेल्या माणसांची दुःखे ऐकली," वृद्ध म्हणाले. "स्वतःचे सांगायलाही त्याला तीच बैठक हवी होती. आपण त्याला आपल्या मंदिरात बोलावत होतो. त्याचे मंदिर त्याच्या हातात होते."

"पण दाढी मुद्दाम बिघडवणे, हे नाटक नव्हे का?"

"होते. मला काही न येण्याचे सोंग करावे लागते, बाळ. तुला ते करावे लागणार नाही."

ती रात्रभर खजील होऊन हसत राहिली. सकाळी तिने ठरवले आणि सरळ स्त्रियांच्या कक्षात गेली. तिथे आयुष्यभर खानावळ चालवलेल्या एक आजी चार दिवस अबोल पडून होत्या. तिने खाटेशी स्टूल ओढले.

"आजी, माझ्या पोळ्या वातड होतात. काय चुकतं माझं?"