शिंगाड्याच्या पानावरचा डाग

फार पूर्वी एका मोठ्या तळ्याच्या अलीकडच्या काठाला कोळी राहायचे आणि पलीकडच्या काठाला शिंगाडे लावणारे. दोघांचंही पोट त्या एकाच पाण्यावर चालायचं.

एका पुरात वरच्या मुलखातून जलपर्णी वाहत आली. तिची निळी फुलं पाहून आधी सगळ्यांना कौतुक वाटलं. पण पाहता पाहता तिनं पाणी झाकून टाकलं. खाली मासे गुदमरून मरू लागले, वर होड्या अडकू लागल्या. उपटावी तर तेवढीच पुन्हा वाढायची.

कोळीवाड्यात भिवरा नावाची एक बाई होती. एकदा तिला एका कोपऱ्यातली जलपर्णी करपलेली दिसली. पानांवर तपकिरी डाग, देठ कुजलेले. ती पानं घेऊन ती गावच्या वैद्यांकडे गेली.

वैद्य म्हणाले, "ही बुरशी आहे, झाडाचा रोग. तळ्यात पसरवलीस तर जलपर्णी हटेल. पण ती आणखी कशाकशाला लागते हे आधी पारखून घे. एकदा पाण्यात गेलेला रोग परत बोलावता येत नाही."

भिवरानं अंगणात पाण्याच्या दगडी डोणी मांडल्या. एकीत जलपर्णी लावली, बाकीच्यांत कमळ, भात आणि शिंगाडा. सगळ्यांवर रोगट पानं कुस्करून टाकली. जलपर्णी भराभर कुजली. कमळाला, भाताला काही झालं नाही. शिंगाड्याच्या पानांवर मात्र तेच तपकिरी डाग उमटले.

"ही बुरशी नाही चालायची," ती नवऱ्याला म्हणाली.

"शिंगाडेवाले आपले कोण लागतात?" तो म्हणाला. "रोज होडी ओढून माझे खांदे सोलून निघालेत."

"दिसतंय मला. पण त्यांनाही लेकरंबाळं आहेत. मी दुसरी बुरशी शोधते. थोडा धीर धरा."

भिवरानं डोणीतलं सगळं उपसून जाळून टाकलं आणि पुन्हा काठाकाठानं हिंडू लागली.

पुढच्या उन्हाळ्यात तिला वेगळ्या डागांची पानं मिळाली. डोणींत पुन्हा तीच रोपं लावून तिनं ती पानं टाकली, त्याला थोडेच दिवस झाले होते. तिचा नवरा अडकलेली होडी सोडवायला पाण्यात उतरला आणि जलपर्णीच्या मुळांत त्याचे पाय गुंतले. लोक पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दिवसकार्य झाल्यावर शेजारणी म्हणाल्या, "भिवरा, आता तरी सोड ती बुरशी तळ्यात. आणखी कुणाचा जीव जायची वाट बघतेस?"

भिवरा डोणीपाशी जाऊन बसली. आपणच नवऱ्याला धीर धरायला सांगितलं, हे तिच्या मनातून जाईना. जलपर्णी कुजू लागली होती आणि शिंगाड्याची पानं हिरवीगार होती, पण फळ अजून धरायचं होतं, आणि रोग फळाला लागतो का हे त्याशिवाय कळणार नव्हतं.

"फळ हाती येऊ दे," ती म्हणाली. "तोवर कुणी एकट्यानं पाण्यात उतरू नका."

त्या दिवसापासून कोळीवाड्यात तिच्याशी कुणी धड बोललं नाही.

शिंगाडे धरले, निरोगी निघाले. मग भिवरानं स्वतः होडी ढकलत बुरशी तळ्यात पसरवली. हळूहळू जलपर्णी जागोजागी काळी पडून बुडू लागली. ती पार गेली नाही, पण होड्यांना वाट मिळाली, मासे परतले.

पलीकडच्या काठाला यातलं काही कळलंच नाही. त्यांचे वेल तसेच तरारलेले होते. बाजारात एका शिंगाडेवालीनं भिवराला सहज विचारलं, "तुमच्या बाजूचं तळं मोकळं झालं म्हणे. तुमचे कारभारी आता रोज जात असतील मासे धरायला?"

"नाही," भिवरा म्हणाली. "ते आधीच गेले."

भिवरानं उरलेले मासे विकले, रिकामी पाटी उचलली आणि ती घराकडे चालू लागली.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: कोणताही उपाय करण्याआधी तो दुसऱ्याला बाधणार नाही याची खात्री करून घ्यावी. ती खात्री कधीकधी फार महाग पडते, आणि तिच्यामुळे जे वाचतात त्यांना ते कळतही नाही.