टाकी लावून घेणारा पाटा

पाटे-वरवंटे बोलायचे तेव्हाची ही गोष्ट. वसईच्या कार्मेलीनबाईंच्या मागीलदारी एक काळा पाटा होता. वाटण वाटून वाटून तो आरशासारखा गुळगुळीत झाला होता आणि त्या तुकतुकीचा त्याला कोण अभिमान! बाई रोज सांजप्रार्थनेत छातीवर हात ठेवून आपल्या चुका कबूल करायच्या, तेव्हा पाट्याला हसू यायचं.

पण वाटण काही बारीक होईना. पाटा कधी म्हणायचा, "खोबरंच जून आहे," तर कधी, "मिरच्या भिजल्या नाहीत." ईस्टर उद्यावर आला, घर पाहुण्यांनी भरलं, तरी वाटण भरडच!

"माझ्या मनगटातच जोर उरला नाही," बाई डोळे पुसत म्हणाल्या.

आता मात्र पाट्याला राहवेना. "बाई, मनगटाला बोल लावू नका. खोट माझ्यात आहे. मीच गुळगुळीत झालोय."

बाईंनी लगेच पाट्यांना टाकी लावणाऱ्या, म्हणजे छिन्नीनं ठोकून ते पुन्हा खरखरीत करणाऱ्या शेवंताला बोलावलं. तिची छिन्नी ठकठक चालू लागली.

"आई गं!" पाटा कळवळला. "आणि पुन्हा गुळगुळीत झालो तर?"

"होणारच की! रोज राबतोस ना?" शेवंता हसली. "मग मी पुन्हा येईन."

ईस्टरला वाटण लोण्यासारखं झालं. पाहुण्यांनी रस्सा मागून मागून खाल्ला.

तेव्हापासून गल्लीच्या टोकाला "टाकीऽऽ" अशी हाक आली, की बाईंच्या आधी पाटाच ओरडतो, "शेवंताबाई, आधी इकडं या!"