तुळशीखालची कोरडी माती

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगरमाथ्यावर एक गाव होतं. तिथे आभाळातली वीज दरसाल कुणाचं ना कुणाचं छप्पर जाळायची. सगळ्या गावाचं बियाणं मात्र एकाच कोठारात. म्हणून गावकरी म्हाळू तांबटाला म्हणाले, "बाबा, कोठारावर तांब्याचा कळस बसव. विजेला खाली जमिनीत जायला वाट करून दे."

म्हाळूने कळस असा घडवला की बघत राहावं! कळसापासून तांब्याची पट्टी भिंतीवरून खाली आणली. आता तिचं टोक पार ओल्या मातीत पुरायचं होतं. पण लागला कातळ! आणि जत्रा तर परवावर आलेली. काम पुरं झालं, तर भर जत्रेत त्याला मानाचं पागोटं मिळायचं होतं. म्हाळूने हातभर खड्ड्यात टोक दडपलं, कोरडी माती लोटली आणि वर तुळशीवृंदावन ठेवून दिलं. जमिनीखालचं कोण बघतंय?

पागोटं मिळालं. लोकांनी येता-जाता तुळशीलाही हात जोडले.

पेरणी तोंडावर आली आणि वळवाच्या पावसात वीज कळसावर पडली. पट्टीवरून सरसर खाली आली, पण पुढे वाटच नव्हती. मग ती घुसली भिंतीत, अन् कोठार पेटलं. राखणदारीण गोजाकाकूने आगीतून कसंबसं एक पोतं ओढून काढलं. तेवढंच वाचलं. तिचे दोन्ही हात भाजले.

"देवाचा कोप, दुसरं काय!" लोक हळहळले.

गोजाकाकू कण्हत म्हणाली, "म्हाळूला कुणी बोल लावू नका रे. पोराने कामात कसूर केली नाही."

लोकांनी शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं! म्हाळूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने वृंदावन बाजूला सारलं, पट्टीचं टोक उपसलं आणि सगळ्यांसमोर धरलं. टोकावरून कोरडी माती भुरभुर गळत होती.

"काकू, कसूर माझीच. पागोट्याची घाई झाली होती मला."

काकूने भाजलेले हात पुढे केले, पाहिले, पुन्हा मांडीवर ठेवले. "मग आता खण," एवढंच म्हणाली.

म्हाळूने पागोटं फाडून तिच्या हातांना पट्ट्या बांधल्या. मग ओल लागेपर्यंत एकट्याने कातळ फोडला.

त्या साली वाचलेल्या पोत्यापुरतीच पेरणी झाली, गावाची बाकी रानं पडीक राहिली. पुढे कळसावर कितीदा तरी वीज पडली, पण कोठाराला धग लागली नाही. तरी जत्रेत मानाचं पागोटं बाहेर निघालं, की म्हाळू खाली मान घालून घरी जायचा.

म्हणून लहानथोरांनो, जिथे कुणाची नजर पोचत नाही तिथलं काम आधी चोख करावं, कारण संकट नेमकं तिथेच पोचतं.