गादीवरची काच

दसऱ्याच्या सकाळी श्रीमंत आनंदराव सरकारांच्या नव्या मोटारीची मागची काच फुटली, आणि ती फुटलेली नाही, असा हुकूम त्याच क्षणी सुटला.

हुकूम सोडणे सरकारांना भागच होते, कारण काच त्यांनीच फोडली होती. देवळीगड संस्थान विलीन होऊन दोन पिढ्या उलटल्या होत्या. ही बातमी तेवढी राजवाड्यात अद्याप कोणी पोहोचवली नव्हती. मोटार अर्धी जीप व अर्धी गाडी अशी होती, आणि किंमत मात्र दोन्हींची मिळून होती. पूजा झाली, झेंडूच्या माळा चढल्या. रीतीप्रमाणे पुढच्या चाकाजवळच्या दगडावर नारळ वाढवायचा. परंतु वाकून नारळ वाढवणे सरकारांना कमीपणाचे वाटले. ते मोटारीच्या मागे उभे राहिले, टपावरून पलीकडच्या दगडाचा नेम धरला आणि नारळ फेकला. काचेचे खडीसाखरेएवढे तुकडे होऊन मागच्या सीटवर सडा पडला. नारळाला मात्र ओरखडाही उमटला नाही.

"आमचा नेम चुकत नाही," सरकार म्हणाले. "काच शाबूत आहे."

दिवाणजींनी काचेच्या जागी असलेल्या भगदाडातून आरपार पाहिले. "इतकी स्वच्छ आहे, सरकार, की दिसतही नाही."

पुढे युवराजांच्या साखरपुड्याला जायचे ठरले. आदल्या दिवशी सरकार मोटारीतून सहज फेरफटका मारून आले, तेव्हा त्यांचा पांढरा फेटा धुळीने तांबडा झाला होता. वारा छान खेळतो, असे दिवाणजींनी सांगून पाहिले. पण सरकार शिंकत होते. त्यांनी मोटारचालक यशवंताला बोलावले.

"उद्यापर्यंत नवी काच बसव. आणि जुनी शाबूत काच काढून गादीपुढे अखंड हजर कर. ती फुटलेली निघाली, तर तू फोडलीस असे समजू. मग तुझी नोकरी गेली."

नोकरीबरोबर मोटारखान्यामागच्या दोन खोल्याही जाणार होत्या. यशवंता घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. त्याची मुलगी हौसा राजवाड्याच्या मुदपाकखान्यात कामाला होती. तिथल्या तिखटाचा काही अंश तिच्या जिभेवर कायमचा उतरला होता. तिने सगळे ऐकून घेतले आणि भाकरी थापणे चालूच ठेवले.

"तुकडे मीच झाडले गं," यशवंता म्हणाला. "घमेलंभर निघाले. अखंड काच आणू कुठून?"

"तुम्ही नवी बसवून घ्या, आबा. जुनी मी हजर करते. दिवाणजी तिला स्वच्छ म्हणाले ना? मग आहेच की."

कोल्हापूरच्या काचवाल्याला दिवाणजींनी फोन केला. काच कशी फुटली, असे त्याने विचारले, तेव्हा ती फुटलेली नाही, असे उत्तर मिळाले. मग बदलायची कशाला, या प्रश्नावर दिवाणजींनी फोन यशवंताच्या हाती दिला. संध्याकाळी धुके घालवणाऱ्या बारीक तारांची नवी काच चिकटवून काचवाला परत गेला. जाताना तो वेड्यांच्या गावातून निघालेल्या माणसासारखा मागे वळून वळून पाहत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याचा मुहूर्त होता. सरकारांनी गादीवर बसायचे, राणीसाहेबांनी त्यांना ओवाळायचे, मग प्रस्थान. इतक्यात दारातून हौसा व यशवंता आत आले. दोघांचे हात पसरलेले होते, दोघे तिरके चालत होते, आणि दोघांच्या मध्ये काहीही नव्हते.

"दिवाणजी, सरका. कोपरा लागेल," हौसा म्हणाली.

दिवाणजी सवयीने सरकले.

बापलेकींनी ते काहीही नसलेले हलकेच गादीवर आडवे ठेवले. हौसाने पदराने ते पुसलेही.

"जुनी काच, सरकार. अखंड."

सरकारांनी गादीकडे पाहिले. लाल मखमलीखेरीज तिथे काही नव्हते. त्यांनी दिवाणजींकडे पाहिले. दिवाणजी पुटपुटले, "इतकी स्वच्छ आहे, सरकार..."

"ठीक," असे म्हणून सरकार बसू लागले.

"बसू नका, सरकार. फुटेल."

सरकार अधांतरी थांबले आणि पुन्हा ताठ उभे राहिले. आता राजवाड्याची जुनी शिस्त अशी, की सरकार उभे असता कोणी बसायचे नाही आणि चहाही फिरायचा नाही. पुरोहित उभे, पाहुणे उभे, राणीसाहेब ओवाळणीचे ताट घेऊन उभ्या. दिवाणजींचे गुडघे तर केव्हाच कुरकुरू लागले होते. निरांजनातले तूप संपत आले, मुहूर्तही सरत आला.

"उचल ती," सरकार गुरगुरले.

"उचलते. पण ठेवू कुठे? मोटारीत नवी बसली. दिवाणजींच्या बैठकीवर ठेवू?"

"नको गं बाई!" दिवाणजी कळवळले.

"मग फेकून दे."

"फेकली तर फुटेल, आणि फुटली तर आबांची नोकरी जाईल." हौसाने हात जोडले. "ही काच फोडण्याचा मान या राजवाड्यात एकट्या सरकारांचा आहे. दसऱ्याला तो उभ्याने बजावलात. आज बसून बजावा, म्हणजे आम्ही सगळेही बसू."

मग सरकारांच्या मिशा थरथरल्या, पोट हलले, आणि ते इतके मोठ्याने हसले की निरांजन विझले. हसता हसताच त्यांनी धपकन गादीवर बैठक मारली.

"दिवाणजी, आवाज आला का?"

"मोठा आला, सरकार!" दिवाणजी तोवर जमिनीवर बसलेही होते.

"फुटली. आम्हीच फोडली, दोन्ही वेळा." सरकारांनी हातातले सोन्याचे कडे काढून हौसाच्या ओंजळीत टाकले आणि मागच्या दोन खोल्या यशवंताला कायमच्या दिल्या. मग त्यांनी दसऱ्याचा तो शाबूत नारळ मागवला.

मोटारीच्या पुढच्या दगडापाशी हौसा खाली वाकली. नारळ एका घावात वाढला. तेवढा वेळ सरकार मोटारीत मुकाट बसून होते, नव्या काचेकडे पाठ करून, दोन्ही हात मांडीवर ठेवून.