अंजिरांचं पातेलं

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती, ते विचारू नका. माझ्या वयासारखंच तेही मी नीट सांगत नाही.

वाळवंटाच्या कडेला टेकडीवर एक किल्ला होता. तिथे क्रुसाचं निशाण लावणारा सरदार राहायचा. समोरच्या माळावर चंद्रकोरीचं निशाण लावणाऱ्या सुलतानाची छावणी होती. मध्ये एकच झरा. दोघं वर्षानुवर्षं लढले, दमले आणि शेवटी त्यांनी तीन वर्षांचा तह केला.

मग दोन्हीकडच्या बायका झऱ्यावर भेटू लागल्या. किल्ल्यातल्या स्वयंपाकिणीने सणासाठी छावणीतल्या एका म्हातारीचं तांब्याचं मोठं पातेलं मागून आणलं.

सण संपतो न संपतो, तोच सरदाराने सुलतानाच्या व्यापाऱ्यांचा काफिला लुटला आणि माणसं कोठडीत टाकली. कुणी तहाची आठवण करून दिली, तर म्हणाला, "त्यांना दिलेला शब्द कसला पाळायचा? ते काय आपले आहेत?"

लढाई पेटली. स्वयंपाकिणीला मात्र पातेल्याची काळजी. (माझ्याकडे शेजारणीचा डबा गेल्या दिवाळीपासून आहे, म्हणून मी जास्त बोलत नाही.) भांडं रिकामं परत करायची रीत दोन्हीकडे नव्हती. तिने त्यात अंजिरं भरली, पातेलं डोक्यावर घेतलं आणि बाणांच्या टप्प्यातून चालत गेली. पहारेकरी हसले, पण धनुष्य कुणी उचललं नाही.

मग किल्ल्याला वेढा पडला. झरा सुलतानाकडे गेला, किल्ल्यातलं टाकं आटलं. त्यातच सरदाराची लहान मुलगी तापाने फणफणली. ती पाणी मागायची आणि सरदार भिंतीकडे तोंड फिरवायचा.

त्याने दूत पाठवला. पुन्हा तह करू, हवी ती शपथ घेतो, म्हणाला. सुलतानाने दूताला पोटभर पाणी पाजलं आणि परत धाडलं. ती शपथ आम्ही एकदा ऐकली आहे, एवढंच त्याचं उत्तर.

शेवटी स्वयंपाकीण सुलतानाच्या छावणीकडे निघाली. म्हातारीने तिला लांबूनच ओळखलं.

"अंजिरं जरा कच्चीच होती गं तुझी," ती म्हणाली. मग सुलतानाकडे वळली. "लढाई चालू असताना माझं पातेलं परत द्यायला आली होती ती हीच."

सुलतानाने विचारलं, "आमची माणसं सुटतील, असा शब्द तू देतेस?"

"देते," म्हणत तिने कोठडीची किल्ली त्याच्यासमोर ठेवली. सरदाराकडून किल्ली घेतल्याशिवाय ती निघालीच नव्हती.

म्हातारीने तेच पातेलं झऱ्याच्या पाण्याने काठोकाठ भरलं आणि तिच्या डोक्यावर चढवलं.

मुलगी वाचली. माणसं सुटली. नवा तहही झाला, पण त्यावर सरदाराची मोहोर कुणी मागितली नाही. स्वयंपाकिणीचा अंगठा घेतला, आणि सरदार मान खाली घालून तिच्या मागे उभा राहिला.

परक्याला दिलेला शब्द मोडला, की आपल्या माणसांसाठी द्यायलाही शब्द उरत नाही.